नदाफ सरांचा आकडा

महिन्यातून एका शनिवारी दुपारी मी लॅपटॉपसमोर बसून गावोगावच्या पॅथॉलॉजिस्टना शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर कर्करोगाच्या गाठीचा तुकडा पडद्यावर दाखवायचा आणि तो बघून सगळ्यांचा आकडा एकसारखा कसा येईल, याचा सराव घ्यायचा. माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "आधी नाव झाका, मग बघा." यावर कुणी ना कुणी विचारतंच, की नावानं काय फरक पडतो, आम्ही काय तोंड बघून रिपोर्ट लिहितो? तेव्हा मी डॉ. दस्तगीर नदाफ यांची गोष्ट सांगते आणि नाव घेऊन सांगते. गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत काढणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण तशी त्यांचीच ताकीद होती. "पेशंटचं नाव झाक, पर माझं झाकू नकोस," असं ते म्हणाले होते.

आमच्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लॅब आहे. मी तिथं नव्यानं लागले तेव्हा सरांची खोली कुठली, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आवाजाच्या दिशेनं चालत गेले आणि पोचले. हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं, अशी त्यांची समजूत असावी. मायक्रोस्कोपात डोळा घालूनही ते बोलत असत, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना आपल्या नसलेल्या आजाराचीही माहिती मिळत असे.

माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची खोड होती. मी आजऱ्याची, म्हणून मी 'आजरा'. टेक्निशियन शिवाजी पन्हाळ्याच्या पायथ्याचा, म्हणून तो 'पन्हाळा'. "ए आजरा, हिकडं ये, डोळा लाव," असं ओरडले की समजावं, सर खुशीत आहेत. 'डॉक्टर देसाई' म्हणाले की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. हाडाच्या एका रिपोर्टात मी डाव्याचं उजवं केलं होतं, तेव्हा त्यांनी मला आठवडाभर डॉक्टर देसाईच ठेवलं. मी त्या आठवड्यात डबा त्यांच्यासमोर उघडला नाही.

त्यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. सरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम कापसाचा एक बोळा असे. त्यानं ते मायक्रोस्कोपची काच पुसत, कधी कपाळही पुसत, आणि पुन्हा तोच बोळा काचेला लावत. मी नाक मुरडलं की म्हणत, "नदाफाचा कापूस हाय, बिघडत न्हाय." वडिलांनी गादीवर नुसता हात फिरवला की आत कापूस किती ते सांगत, आणि ती नजर आपल्यात उतरली आहे, असं सर छाती पुढे काढून सांगायचे. खरंही होतं. अवघड गाठ आली की सांगली-साताऱ्याकडूनही स्लाइड त्यांच्याकडे येत.

आता या आकड्याबद्दल थोडं सांगायला हवं. स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत गाठीच्या आत, कर्करोगाच्या पेशींच्या मधल्या जागेत, शरीराच्या लढाऊ पांढऱ्या पेशी जमतात. त्या जागेचा शेकडा किती भाग त्यांनी व्यापलाय ते सांगायचं. जास्त असल्या तर शरीर लढतंय, आणि लक्षण चांगलं. पण या पेशी एकेक करून मोजत नाहीत. बघून अंदाज सांगायचा. एकानं पन्नास म्हणावं, शेजाऱ्यानं तीस, आणि दोघांनीही ठामपणे. सरांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते त्यांच्या पद्धतीनं. "ही गुलाबी जागा म्हंजे कापूस. ही निळी टिपकं म्हंजे सरकी. कापसात सरकी किती ते सांग. आमचा बा तर हातानं सांगायचा, तुला तर डोळं हायत."

आणि त्यांची सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे फॉर्म. स्लाइडसोबत पेशंटच्या माहितीचा कागद येतो. तो मोठ्यानं वाचल्याशिवाय ते मायक्रोस्कोपला हात लावत नसत. "वय छप्पन्न, मुक्काम कागल, दोन लेकी." मग जरा थांबत, जणू ती बाई खुर्ची ओढून समोर बसेपर्यंत, आणि मग डोळा लावत. या सवयीची मी मनातल्या मनात थट्टा करत असे. पण एकदा एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नावाच्या डबीतला तुकडा बघून ते ताडकन उठले. "हे एकोणीस वर्साच्या पोरीच्या पिशवीचं अस्तर न्हवं. साठीच्या बाईचं हाय. डबी बदलली." डब्या खरंच बदलल्या होत्या. त्या दिवशी एका कोवळ्या मुलीचं नको ते ऑपरेशन टळलं. तेव्हापासून मीही फॉर्म आधी वाचू लागले.

मग ते ऑनलाइन प्रशिक्षण आलं. आमच्या हॉस्पिटलात या पांढऱ्या पेशींचा आकडा नुकताच रिपोर्टात लिहायला सुरुवात झाली होती. तो आकडा गावोगाव एकसारखा यावा म्हणून हा वर्ग होता. पडद्यावर स्लाइड येणार, प्रत्येकानं आपला आकडा भरायचा, आणि कुणाचा कुठला ते कळू नये म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक. शिकवणाऱ्या बाई बाहेरच्या होत्या, हिंदी-इंग्रजीत बोलायच्या, आणि फार शांत. नियम सांगायच्या: कुजलेला भाग सोडा, गर्दी दिसली म्हणून तेवढ्यावरच जाऊ नका, सगळी जागा बघा, मग शेजारच्या नमुन्याच्या चित्रांशी ताडून आकडा ठरवा.

सरांना हे सगळं पोरखेळ वाटे. "चित्रं बघून आकडा काढायचा तर पोपटवाल्याला बसवा की, चिठ्ठी काढंल." हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, कारण सरांचा माइक चालू होता. तो कायमच चालू असे. मी शेजारच्या टेबलावरून खुणा करी, "सर, म्यूट, म्यूट," आणि ते हात झटकत. "मी काय चोरी करालोय?" चहा मागवणं, शिवाजीला हाका, बाईंच्या नियमांवरचं मतप्रदर्शन, सगळं गावोगाव पोचे. आणि आकडा तर ते भरायच्या आधी मोठ्यानं बोलूनच दाखवत. त्यामुळे क्रमांक कशाला होते, कोण जाणे. सात क्रमांक म्हणजे कोल्हापूरचे नदाफ सर, हे पहिल्याच शनिवारी सगळ्यांना कळलं.

त्यातल्या एका स्लाइडखाली टीप होती: वय चौतीस, दोन लहान मुलं. सर पडद्याकडे झुकले. "चौतीस. लहान हाय की गं ही." आणि मग, "साठ! डोळं झाकून साठ. बघ की कसं जमल्यात सगळे. पोर लढालीय." मी माझा आकडा भरला, पन्नास. पुढच्या शनिवारी बऱ्याच स्लाइडनंतर एक आली, खाली टीप: वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह. सर म्हणाले, "म्हातारीचा जीव थकलाय. पस्तीस लिवा." मी पंचेचाळीस लिहिले.

वर्ग संपता संपता बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी ठेवली. मग एक चित्र हळूहळू फिरवलं आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवलं. तंतोतंत बसलं. स्लाइड एकच होती. वयंही खोटी होती आणि मुलंही. आकडा स्लाइडवरून येतो की टिपेवरून, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. खाली प्रत्येक क्रमांकाच्या दोन आकड्यांमधल्या फरकाची रेघ आली. जवळजवळ प्रत्येकाचा आकडा थोडा सरकला होता, माझाही. सात क्रमांकाची रेघ सगळ्यात लांब होती.

सरांचा माइक चालू होता, त्यामुळे सगळीकडे फक्त आमच्या लॅबच्या पंख्याची कुरकुर ऐकू जात होती. मग कुणीतरी तरुण, कुठल्या गावचा ते कळलं नाही, खुदकन हसला. बाई घाईनं म्हणाल्या, की हे सगळ्यांचंच होतं, म्हणून तर हा वर्ग आहे. सरांनी पुढे होऊन पडद्यावर ते छोटं चिन्ह शोधलं आणि माइक बंद केला. मी न सांगता, पहिल्यांदाच. त्यांची मान खाली गेली आणि मला लाजेनं कुठं बघावं ते कळेना. ज्या माणसाच्या आवाजाची मी एवढी थट्टा केली, तो एवढा गप्प झालेला मला बघवत नव्हता.

"सर, माझाही आकडा हलला," मी म्हटलं.

"तुझा पाचानं. माझा पंचविसानं." ते खिशातला बोळा बोटांनी पिंजत होते. "दुसऱ्यासंगं जुळला न्हाय तर भांडता येतंय गं. माझा माझ्यासंगंच जुळला न्हाय. आता भांडू कुणासंगं?"

मला वाटलं, दोन दिवसांत सर पहिल्यासारखे होतील. झाले नाहीत. सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की या आकड्याच्या त्यांनी सही केलेल्या सगळ्या स्लाइड काढायच्या. हा आकडा लिहायला लागून थोडेच महिने झाले होते, त्यामुळे गठ्ठा फार मोठा नव्हता. शिवाजीनं लेबलांवर चिकटपट्ट्या लावल्या. मी बघितल्या. मग बाहेरच्या दोन पॅथॉलॉजिस्टना स्लाइडचे फोटो पाठवून त्यांचंही मत घेतलं. बहुतेक आकडे आसपास आले. एक आला नाही. सरांचा होता साठ. आम्हा तिघांचा तिसाच्या आगेमागे.

सरांनी स्वतः चिकटपट्टी काढली. संगीता चौगुले, वय चौतीस, मुक्काम गडमुडशिंगी. ते खुर्चीत बसले. गडमुडशिंगी त्यांचं आजोळ. ही बाई मला आठवत होती. रिपोर्ट न्यायला ती एकटी आली होती आणि पाकीट हातात घेऊन उघडायचं धाडस न होता उभी होती. सर खोलीतून उठून बाहेर आले होते आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "पोरी, घाबरू नकोस. तुझं शरीर लढालंय."

एवढ्या एका आकड्यावर कुठलाही डॉक्टर उपचार ठरवत नाही. पण हलकी औषधं द्यायची की जड, हे तिच्या बाबतीत बरोबर मध्यावर अडलं होतं, आणि या साठानं पारडं झुकलं. कर्करोगाच्या डॉक्टरांनी तिला केमोचा हलका कोर्स दिला. तो नुकताच संपला होता. नवा आकडा त्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, उरलेली औषधं द्यायलाच हवीत, आणि लवकर.

ऑफिसातून निरोप आला, की 'सुधारित अहवाल' असा शिक्का मारून देऊ, पेशंटला फार खोलात सांगायला नको. सरांनी तो मसुदा परत पाठवला. "सुधारित म्हंजे काय? आधीचा बरा हुता, आता अजून बरा केलाय? चुकला हुता असं लिवा." आणि तिला सांगायला आपण स्वतः जाणार म्हणाले. मी गाडी चालवली. रस्त्याकडेच्या पाटीवर गावाचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वळवून दुसरीकडे बघितलं.

संगीताताईंच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि दाराला शिवून तयार झालेली ब्लाउज लटकत होती. सरांना बघून त्या केवढ्या हरखल्या. "डॉक्टर, तुमी? आमच्या घरात?" ओढणी सारखी करत त्या चहा ठेवायला निघाल्या. ओढणीखालून बोटभर उगवलेले केस दिसत होते.

"चहा नको, बाई. आधी ऐका," सर म्हणाले, आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. आकडा सांगितला, तो किती असायला हवा होता ते सांगितलं, उरलेल्या औषधांचं सांगितलं. यंत्राचं, कामाच्या ताणाचं, कशाचंच नाव घेतलं नाही. "मी तुमचं वय वाचलं, गाव वाचलं, आणि मला जे दिसावं वाटलं त्ये मी बघितलं."

संगीताताई मशीनच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी आधी मला विचारलं, "खरं हाय व्हय हे?" मी मान हलवली. मग त्या सरांकडे वळल्या.

"केस आत्ता कुठं यायला लागल्यात माझं. धाकटीला सांगून बसलोय, की आईचं औषिद संपलं." आवाज चढत गेला. "आणि त्ये तुमी म्हणालता की, शरीर लढालंय म्हणून. त्या एका वाक्यावर मी दिवस काढलं, डॉक्टर. उलट्या हुताना त्येच म्हणत हुतो मी, तोंडानं. त्ये बी खोटंच काय?"

सरांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात खिशातल्या बोळ्याकडे गेला, पण तो तिथंच राहिला.

"लढालंय," ते शेवटी म्हणाले. "पर मी सांगितलं तेवढं न्हाय. त्येला मदत लागणार."

"मग तुमच्यावर इस्वास कसा ठेवायचा मी?"

"माझ्यावर ठेवूच नका. तिघांनी बघितलंय, तुमचं नाव झाकून. त्यांच्यावर ठेवा."

बराच वेळ त्या मशीनचं चाक उगाच पुढंमागं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतो मी. पर एकटी न्हाय बसायची त्या खुर्चीत. मालकांना रजा मिळत न्हाय. पयल्या टायमाला एकटीच बसलोतो. आता तुमी यायचं. दर बारीला. शेजारी बसायचं आणि बघायचं, कसं असतंय त्ये." हे मदत मागणं नव्हतं, शिक्षा होती, आणि ते आम्हा तिघांनाही कळलं. सर लगेच म्हणाले, "येतो."

आणि येत राहिले. ज्या दिवशी संगीताताईंची केमो असे, त्या दिवशी सर सकाळचं काम उरकून दुसऱ्या मजल्यावर जात आणि सलाईन संपेपर्यंत तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसत. सुरुवातीला त्या त्यांच्याशी बोलतही नसत. नंतर कधीतरी डब्यातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढे सरकवू लागल्या, तीही न बोलता.

प्रशिक्षण त्यांनी पहिल्या धड्यापासून पुन्हा केलं, त्याच तरुण पोरांबरोबर, माइक बंद ठेवून. तोपर्यंत या आकड्याच्या एकाही रिपोर्टावर त्यांनी सही केली नाही. पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आलं, ते भिंतीवर लावू म्हटलं तर त्यांनी डोळे वटारले. फॉर्म वाचायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. फॉर्म आता टेबलावर पालथा असे. आधी स्लाइड बघायची, नमुन्याच्या चित्रांशी ताडायची, आकडा लिहायचा, आणि मगच कागद उलटून नाव, गाव, वय वाचायचं, डबी बदललेली नाही ना ते बघायला. वाचायचे, पण मनातल्या मनात. खोली एवढी शांत झाली, की नवीन आलेली माणसं सरांची खोली कुठली ते विचारू लागली. याच काळात मीही असे वर्ग घ्यायला लागले. एकदा त्यात मी उदाहरण म्हणून 'एका वरिष्ठ डॉक्टरांचं' असं म्हटलं, आणि त्यांनी मला ती ताकीद दिली. मी म्हटलं, "कशाला सर, लोक हसतील." ते म्हणाले, "हसू देत की. डॉक्टर देसाई, नाव घेऊन सांगायचं." डॉक्टर देसाई म्हणाले, तेव्हा पुढं वाद नव्हता.

संगीताताई आज ठीक आहेत. तपासणीला येतात, केस वेणी घालण्याइतके झालेत. उद्याचं कुणीच सांगू शकत नाही, आणि आता मीही कुणाला सांगत नाही. सर गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी गेले होते तेव्हा मोठ्यानं बोलणारं कुणीच नव्हतं, आणि ते घर मला त्यांचं वाटलं नाही.

मला सर आठवतात ते संगीताताईंच्या शेवटच्या केमोच्या दिवशीचे. मी एका रिपोर्टासाठी दुसऱ्या मजल्यावर गेले होते. त्या खुर्चीत झोपी गेल्या होत्या. ओढणी घसरू नये म्हणून सरांनी तिचं टोक हातात धरलं होतं. पलीकडच्या खुर्चीत एका म्हाताऱ्या बाईंना सलाईन लागलं होतं आणि त्यांचे यजमान, फेटा मांडीवर ठेवून, सरांना न्याहाळत बसले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पावणं, ह्या कोण लागतात तुमच्या?"

"कोण न्हाय. हितं खाली लॅबमध्ये डॉक्टर हाय मी. ह्यांची गाठ मी तपासलीती."

"आरं वा. डॉक्टर सोता बसल्यात!" म्हातारा खूश झाला. "म्हंजे बरोबरच तपासली असणार की."

मी दारातच थांबले. किती दिवसांत सर कुणाशी मोठ्यानं बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली, आणि त्या सगळ्या खोलीला, बाहेरच्या बाकांना, बहुतेक जिन्यालाही ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात ते म्हणाले, "न्हाय! चुकलोतो मी!"

संगीताताई दचकून जाग्या झाल्या. त्यांनी सरांकडे बघितलं, मग त्या म्हाताऱ्याकडे, आणि पुन्हा डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "हळू बोला की, डॉक्टर. झोपू द्या मला."